नवजात बाळाचं फोटोशूट घरी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अंबाजोगाई या पट्ट्यात आम्ही ओल्या बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे फोटो काढतो. पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं, त्यामुळे फोन येतो तो मामाचा नाहीतर मावशीचा, आणि मागून आजीचा आवाज येत असतो. त्या फोनवर जे विचारलं जातं तेच इथे लिहून काढलं आहे. आमचा एक नियम आधीच सांगते: लेकराचं पोट भरलेलं असेल आणि बाळंतीण निवांत असेल, तरच कॅमेरा पिशवीतून बाहेर निघतो. खालची बहुतेक तयारी त्याचसाठी आहे.

फोटो कितव्या दिवशी काढलेले चांगले?

पाच ते चौदा दिवसांचं बाळ पोटातल्यासारखं गुडघे दुमडून गाढ झोपतं, म्हणून फोटोग्राफर या दिवसांसाठी हटून बसतात. पण याच दिवसांत घरात काय चाललेलं असतं हे आम्हाला माहीत आहे. आईला दूध नुकतं उतरलेलं असतं, टाके दुखत असतात. बाळाचं वजन जन्माच्या वजनापेक्षा ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरून पुन्हा चढत असतं, आणि ते भरून यायला दोन आठवडे लागू शकतात. त्यातच पाचवी येते, मग बारशाची गडबड. पाचवीचा जागर उरकून घर जरा स्थिरावलं की, म्हणजे साधारण आठव्या ते अकराव्या दिवशी, सगळं जुळून येतं असं आम्हाला वाटतं.

हे दिवस हुकले तरी काही बिघडत नाही. सव्वा महिन्याचं लेकरू हातपाय ताणतं, दुमडून राहत नाही, पण टक लावून बघतं. झोपेत जे हसू उमटून जातं, ज्याला आजी ‘सटवाई हसवते’ म्हणते, ते पहिल्या दिवसांपासून दिसतं. माणूस बघून येणारं हसू मात्र सहाव्या आठवड्याच्या सुमारास येतं, आणि ते टिपायचं तर थांबावंच लागतं. तेव्हा घरातल्या मोठ्यांना सव्वा महिन्याआधी कॅमेरा नको असेल, तर त्यांच्याशी वाद घालू नका. आम्ही नंतर येतो.

आमच्याकडं सव्वा महिना बाळाला उंबऱ्याबाहेर नेत नाहीत. मग कसं?

नेऊच नका. आम्हीच घरी येतो. बाळंतिणीच्या खोलीत फक्त आम्ही दोघी बायका असतो. विटाळ पाळत असाल तर कुठं बसायचं, कशाला हात लावायचा नाही, ते सांगा. आम्ही तसंच वागतो.

बाळ कधी होणार तेच नक्की नसतं, मग तारीख कशी ठरवायची?

डॉक्टरांनी दिलेली तारीख सातव्या-आठव्या महिन्यात कळवून ठेवा. बाळ झालं की फोन करा. खरा दिवस तेव्हा ठरतो आणि तो बदलला तर त्याचे वेगळे पैसे नाहीत.

खोली कशी तयार ठेवायची?

आधी उजेड बघा. सकाळी आठ ते साडेदहा या वेळात ज्या खिडकीतून उजेड येतो पण ऊन थेट आत पडत नाही, ती खिडकी आमची. तिच्यापुढची जागा, एक बाज मावेल इतकी, मोकळी करा. माळवदाच्या घरात खिडक्या लहान असतात, पण वरच्या झरोक्यातून येणारा उजेड फार सुंदर पडतो. तसं घर असेल तर नव्या स्लॅबच्या खोलीत बाळाला हलवू नका. आम्ही पोचल्यावर पिवळा बल्ब आणि ट्यूबलाइट दोन्ही बंद करायला सांगतो. खिडकीच्या उजेडात ते मिसळले की लेकराच्या अंगावर दोन-तीन रंग चढतात.

मग ऊब. जागतिक आरोग्य संघटना प्रसूतीच्या खोलीसाठी २५ ते २८ अंश तापमान सुचवते. बाळाचे कपडे थोडे जरी काढायचे असतील तर आम्हीही तेवढंच धरतो. आपल्याला जरा घाम येईल अशी खोली उघड्या बाळाला बरी असते. एप्रिल-मे महिन्यात मात्र प्रश्न उलटा होतो. पारा चाळीस ओलांडतो, आणि पत्र्याच्या खोलीत अकरा वाजताच भट्टी पेटते. अशा वेळी सकाळी लवकरचीच वेळ घ्या. कूलर बाजूच्या खोलीत लावा, त्याचा झोत बाळावर येऊ देऊ नका. लाइट गेली तर आमचं काम अडत नाही, कॅमेरा बॅटरीवर चालतो. पण खोली तापायला लागली की आम्ही आवरतं घेतो.

डिसेंबर-जानेवारीत परभणीकडं पारा दहाच्या खाली जातो. तेव्हा दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी आत ठेवायची पद्धत आहे. कृपा करून बंद खोलीत शेगडी नको. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. ओव्याची धुरीही त्या सकाळी नको, आणि एरवीसुद्धा बाळाच्या नाकाशी धूर नकोच. विजेचा हीटर असेल तर तो दूर ठेवून खोली आधी गरम करून घ्या.

बाळाला थंडी वाजते का हे हातापायांवरून ठरवू नका. पहिल्या दिवसांत तळवे गार आणि निळसर असू शकतात. पोटाला किंवा पाठीला हात लावून बघा.

त्या दिवशी सकाळी काय काय उरकून ठेवायचं?

मालिश आणि अंघोळ रोजच्या वेळेला, रोज जी बाई येते तिच्याच हातून होऊ द्या. तेल मात्र नंतर मऊ फडक्यानं टिपून घ्या. तुकतुकीत अंगावर उजेड चमकतो आणि कातडीचा पोत दिसत नाही. डाळीचं पीठ घासून लव काढायचा आग्रह त्या दिवशी सोडा, कारण नाजूक कातडी लाल होते. अंघोळीनंतर पोटभर दूध, ढेकर, आणि मग झोप. तीच आमची वेळ. आम्ही दहा वाजता म्हटलं म्हणून बाळाला दहापर्यंत भुकेलं ठेवायचं नाही. नवजात बाळ दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पितं, आणि आम्ही असतानाही दोनदा तरी पिणारच. त्यासाठी दोन-तीन तास मोकळे ठेवा. शेताकडं, बँकेत, बाजारात जायची कामं त्या सकाळी नकोत.

गाढ झोपावं म्हणून थोडी घुटी, मध किंवा ग्राइप वॉटर दिलं तर?

अजिबात नाही. सहा महिने फक्त आईचं दूध. मध तर वर्षाच्या आत कधीच नाही, त्यातून बोट्युलिझम नावाचा जिवावरचा आजार होऊ शकतो. झोप येत नसेल तर आपण थांबू. पंख्याचा एकसुरी आवाज किंवा आजीचं हळू आवाजातलं ‘शू शू’ पुरेसं असतं.

काजळ आणि तीट लावायची का?

डोळ्यांत काजळ नको. त्यात शिसं असू शकतं, बोटानं डोळ्याला जंतुसंसर्ग होतो, आणि घरी पाडलेलं काजळही याला अपवाद नाही. आजीचं मन राखायचं तर तीट तळपायाला लावा. इवल्याशा तळव्यावरचा तो काळा ठिपका फोटोत इतका गोड दिसतो की आम्ही तो मुद्दाम जवळून घेतो.

कपडे आणि वस्तू कोणत्या काढून ठेवू? तुम्ही टोपल्या, फुलांचे पट्टे आणता का?

आणतो, धुतलेले आणि उन्हात वाळवलेले. पण खरं सांगते, आमची नजर तुमच्या ट्रंकेकडं असते. आईला लहानपणी घातलेली कुंची, पणजीच्या लुगड्याची वाकळ, घरातलं जुनं सूप, सुंभाची बाज, लाकडी पाळणा, हे बाजारात मिळत नाही. वाकळीवरचे हातटाके खिडकीच्या आडव्या उजेडात उठून दिसतात. एकेका ओळीत टाके कुठं लांब, कुठं दाट झालेत ते मोजता येतं, आणि त्यावर टेकलेली बाळाची मूठ बघून घरातलं कुणीतरी हमखास सांगतं की ही वाकळ कुणी शिवली. असा फोटो दुसऱ्या कुणाच्या घरात निघू शकत नाही.

काही पथ्यं मात्र आहेत. पैठणी किंवा हिमरूची शाल अंथरायची असेल तर जर बाळाच्या अंगाला लागू देऊ नका, मध्ये धुतलेलं मऊ सुती दुपटं घाला. लमाणी भरतकामातल्या आरशांच्या कडा टोचतात, ते बाळाच्या मागं, हात पुरणार नाही इतक्या अंतरावर शोभतं. घोंगडी खरखरीत असते, ती सर्वांत खाली घाला. वाळे, करदोडा, काळ्या मण्यांची मनगटी घालायची असेल तर सैल, आणि आमच्या डोळ्यांदेखत. फोटो झाला की काढून ठेवा, गळ्यात दोरा तर नकोच. सुटा धागा किंवा आईचा एखादा लांब केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो आणि बोट सुजतं, हेही तपासत जा. सूप किंवा टोपली जमिनीवरच ठेवतो, त्यात खाली वजनदार कापड घालतो, आणि एका बाईचा हात बाळापासून वीतभर अंतरावर असतो.

दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ताणून करकचून बांधू नका. गुडघे दुमडून मांड्या फाकवता आल्या पाहिजेत, नाहीतर खुब्याचा सांधा बिघडू शकतो.

हनुवटीखाली दोन्ही हात घेऊन बसलेलं बाळ दाखवतात, तसा फोटो हवा आहे.

तो एक फोटो नसतो. दोन वेगळे फोटो जोडलेले असतात. एकात बाळाचं डोकं माणसानं धरलेलं असतं, दुसऱ्यात हात धरलेले असतात, आणि नंतर संगणकावर माणसाचे हात पुसून टाकतात. नवजात बाळाची मान स्वतःचं डोकं पेलू शकत नाही, तशा बैठकीत श्वास अडू शकतो. हा फोटो आम्ही काढत नाही. झोळीत लटकवणं, फांदीवर ठेवणं हेही नाही. ज्यांना तोच हवा असतो त्यांना आम्ही पहिल्याच फोनवर नाही म्हणतो.

फ्लॅशनं बाळाचे डोळे जातात का?

नाही, साध्या फ्लॅशनं डोळ्यांना इजा होत नाही. पण बाळ दचकतं, म्हणून आम्ही खिडकीच्या उजेडावरच काम करतो.

बाळाचं अंग सोलतंय, पुरळ आलंय, थोडं पिवळं दिसतंय. फोटो पुढं ढकलू?

कातडीचे पापुद्रे निघणं, नाकावर पांढरे ठिपके, अंगावर लालसर पुरळ येणं-जाणं, कमरेवर निळसर डाग हे बहुतेक बाळांत दिसतं आणि आपोआप जातं. फोटोत आम्ही ते सगळं पुसत नाही. दूध पिताना पडलेला ओरखडा काढू, पण जन्मखूण राहू देऊ.

पिवळेपणाचं वेगळं आहे. कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागते आणि बऱ्याच बाळांत आठवडा-दोन आठवड्यांत ओसरते. पण जन्मानंतर पहिल्याच दिवशी पिवळेपणा दिसला, तळहात-तळपाय पिवळे झाले, किंवा बाळ सुस्त होऊन नीट पीत नसेल, तर फोटो विसरा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. कोवळ्या उन्हात धरणं हा निळ्या दिव्याच्या उपचाराला पर्याय नाही. घरचे सारखं बाळ बघत असतात, त्यामुळे रंग बदललेला त्यांच्या चटकन लक्षात येत नाही. आम्ही पांढऱ्या कापडावर, दिवसाच्या उजेडात बघतो तेव्हा कधी कधी तो आधी दिसतो. दिसला तर आम्ही स्पष्ट सांगतो, आणि संगणकावर तो रंग उतरवून दिलेल्या फोटोवरून बाळ बरं आहे असं कुणी समजू नये.

नाळ अजून पडली नाही.

चालेल. बहुतेकांची पहिल्या दोन आठवड्यांत पडते. कोरडी राहू द्या, हळद-तेल-पावडर काही लावू नका, ओढू तर नकाच. दुपट्याची घडी अशी घालतो की तिच्यावर दाब येत नाही. आजूबाजूला लाली, पू किंवा वास असेल तर आधी डॉक्टर.

बाळंतिणीनं काय घालावं? ती म्हणते, माझा अवतार बघवत नाही, मला नको.

तिचं ‘नको’ आम्ही ऐकतो. पण थोड्या वेळानं हळूच विचारतो, कारण पुढं दहा वर्षांनी लेकराला स्वतःच्या फोटोपेक्षा आईबरोबरचा फोटो जास्त हवा असतो. साडीच नेसली पाहिजे असं नाही. समोरून उघडणारा सुती गाऊन किंवा सैल कुर्ता, एकरंगी, म्हणजे दूध पाजायला सोपं. कानाला बांधलेला रुमाल सोडायचा नसेल तर तसाच राहू द्या. रुमाल बांधलेली, नुकतंच डिंकाचा लाडू खाऊन बाजेवर टेकलेली आई मांडीवरच्या बाळाकडं बघते, तो चेहरा दागिने घालून येत नाही. बाळाला तिच्या चेहऱ्यापासून वीतभर, २० ते ३० सेंटिमीटरवर धरा. नवजात बाळाला तेवढ्याच अंतरावरचं नीट दिसतं आणि ते तिच्याकडं बघतं. सिझेरियन झालं असेल तर तिला वाकायला, बाळ उचलायला लावणार नाही. पाठीशी लोड, मांडीवर उशी आणि बाळ आणून देणारी बहीण एवढं हवं.

बाप ऊसतोडीला गेलाय. त्याच्याशिवाय कसे काढायचे?

बीड, धारूर, केज भागातून असे फोन दर हंगामात येतात. दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्याला जातात, परततात मार्च-एप्रिलात. तोवर बाळ पालथं पडायला लागलेलं असतं. आता आई-बाळाचे काढू, आणि तो परतला की बापाच्या हातात लेकरू देऊन पुन्हा काढू. त्या दुसऱ्या खेपेचे पैसे आम्ही घेत नाही. कोयत्यानं घट्टे पडलेल्या तळहातावर बाळाचा पाय, असा फोटो त्या घराला मिळालाच पाहिजे.

दुसरीही मुलगीच झाली. घरातले म्हणतात, कशाला खर्च?

हा प्रश्न बहुधा आई स्वतः, दबक्या आवाजात विचारते. धाकटीच्या फोटोंचा हट्ट धरा. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या दर हजार मुलांमागं मुली आठशेच्या घरात होत्या. ज्या मुली आल्या त्यांच्या येण्याची नोंद घरात राहिली पाहिजे. मोठीचे जेवढे फोटो निघाले तेवढेच धाकटीचे निघावेत, एवढंच घरच्यांना सांगा. पैशांची अडचण असेल तर ती आम्हाला सांगा, तिला सांगू नका.

आमचं बाळ कमी वजनाचं आहे, एसएनसीयूमध्ये (सरकारी दवाखान्यातल्या आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) होतं.

अडीच किलोच्या खालचं किंवा दिवस भरण्याआधी झालेलं बाळ असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत आम्ही येत नाही. आलो तरी कपडे काढत नाही. अशा बाळाला छातीशी लावून कांगारू पद्धतीनं ऊब द्यायला शिकवलेलं असतं. आईच्या, किंवा बापाच्याही उघड्या छातीवर टोपडं घातलेलं बाळ, वरून शाल, तसाच फोटो घ्यायचा. आशाताई घरभेटीला येतात, दवाखान्यात झालेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. त्यातल्या एका भेटीची वेळ साधली तर झोळीच्या काट्याला लटकलेलं बाळ आणि काट्यावरचा आकडा वाचणाऱ्या आशाताई, दोघंही येतात. ज्या घरानं ग्रॅमा-ग्रॅमानं वजन वाढताना पाहिलंय, त्यांना तो फोटो किती मोलाचा असतो ते आम्ही पाहिलं आहे.

घरात किती माणसं असलेली चालतील?

खोलीत चारपेक्षा जास्त नकोत. सर्दी-खोकला झालेलं कुणी नको, मग तो सख्खा मामा असो. प्रत्येकानं साबणानं हात धुवायचे, अंगठ्या काढायच्या, बाळाचे मुके घ्यायचे नाहीत. आमच्यापैकी कुणाला कणकण असली तर आम्ही स्वतःहून तारीख पुढं नेतो.

मोठ्या भावंडाचे फोटो सगळ्यात आधी काढतो, कारण त्याचा धीर पहिला सुटतो. त्याला बाजेवर झोपवायचं आणि बाळाला शेजारी ठेवायचं. मांडीवर देत नाही.

पाचवीचे आणि बारशाचेही काढाल का?

हो. पाचवीला आम्ही पाटा-वरवंटा, दिवा आणि सटवाईनं नशीब लिहावं म्हणून ठेवलेला कोरा कागद-पेन यांचे फोटो काढतो. बाळाला उठवत नाही. बारशाला गर्दी असते, तिथं आत्या कानात नाव सांगते तो क्षण आणि घुगऱ्या वाटणारे हात, बाकी पाहुण्यांचे मोबाइल आहेतच. पाळण्यातल्या बाळाच्या तोंडावर दहा जण वाकणार नाहीत एवढं एका माणसानं बघावं.

फोटोग्राफर परवडत नाही. मोबाइलवर चांगले येतील का?

येतात. लेन्स सुती कापडानं पुसा. बाळाचं डोकं खिडकीकडं आणि पाय खोलीकडं असे ठेवा, म्हणजे उजेड कपाळावरून खाली उतरतो. उलटं ठेवलं तर नाकपुड्या उजळतात आणि चेहरा ओळखू येत नाही. फिल्टर बंद. फोन बाळाच्या तोंडावर आडवा धरून वरून फोटो घेऊ नका, हातातून निसटला तर सरळ तोंडावर पडतो. बाजूला बसून, बाळाच्या पातळीला येऊन काढा. मूठ, कानाची पाळी, टाळूवरची लव हेही जवळून घ्या, ते सर्वांत लवकर बदलतं.

बाळ रडतच राहिलं तर? तुम्ही कधी थांबता?

आधी दूध, मग लंगोट बघायचा, मग आईची कूस. तरीही रडत असेल तर सामान बांधतो आणि दुसऱ्या दिवशी येतो. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, दूध न ओढणं, अंग तापणं किंवा गार पडणं यातलं काही दिसलं तर आम्ही १०८ किंवा १०२ ला फोन लावायला सांगतो, आणि गाडी येईपर्यंत तिथंच थांबतो.

फोटो तुमच्या पेजवर टाकता का?

आईनं लिहून दिल्याशिवाय नाही. उघड्या अंगाचे फोटो तर लिहून दिलं तरी टाकत नाही. तुम्हीही व्हॉट्सॲपवर पाठवण्याआधी दवाखान्याची मनगटपट्टी, फाइल, गावाचा पत्ता फोटोत दिसत नाही ना ते बघा. एकदा नातेवाइकांच्या ग्रुपवर गेलेला फोटो परत येत नाही.

फोटो कसे मिळतात?

पेनड्राइव्हवर, आणि सोबत कागदावर छापलेले थोडे. छापील घ्याच, कारण फोन हरवतो आणि खराबही होतो. एक प्रत माहेरी ठेवा, एक सासरी. छापील फोटोच्या मागं पेन्सिलीनं तारीख, बाळाचं त्या दिवशीचं वजन आणि फोटोत ज्यांचे हात आहेत त्यांची नावं लिहून ठेवा. ते लिहायला आजीला सांगा. तिला लिहिता येत नसेल तर तिनं सांगावं आणि मामानं लिहावं.